खाली आलेला दुपट्टा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. आता सांगतोय, पण तोंड पाडून सांगणार नाही. नावं ठेवायची असतील तर ठेवा. मी ऐकून घेईन.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. वडशाला स्टेशनालगत लाकडांचा डेपो होता. धानोऱ्याकडच्या जंगलातून आलेले सागाचे ओंडके मालगाडीत चढवायला वाफेवरची एक क्रेन होती, ती मी चालवायचो. थंड डोक्याचा म्हणून माझं नाव होतं. मुकादम कितीही ओरडो — मी घाई करायचो नाही. मला राग येत नव्हता, असं वाटतं तुम्हाला? यायचा. तो आवाज करत नसे, एवढंच.

आमची एक रीत होती. ओंडका वीतभर उचलायचा आणि थांबायचं. साखळी बांधणारा लक्ष्मण ती चाचपून पाहायचा. ठीक असली तर खांद्यावरचा दुपट्टा हातात धरून वर करायचा. नसली तर दुपट्टा खाली — म्हणजे मी ओंडका परत टेकवायचा आणि त्याने ओंडक्यालगत आत शिरून साखळी नीट करायची. मी टेकवणारच, हा त्याचा भरवसा. त्या भरवशावर तो वर बघतसुद्धा नसे.

लक्ष्मण हिवाळ्यात नाटकांतून कामं करायचा. नकला तर अशा करायचा की पोट धरून हसावं. एका सकाळी चहाच्या वेळी त्याने माझी नक्कल केली — मान ताठ, ओठ मिटलेले, क्रेन वर-खाली करायच्या दांड्यावर हात. सगळा डेपो हसला. मीही हसलो. हसलो, आणि आतून जळत क्रेनवर चढलो. तेव्हाच उतरायला हवं होतं. डोकं ठिकाणावर नसताना दांड्याला हात लावू नये, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

पहिलाच ओंडका वीतभर उचलला. थांबलो. आणि मग — वर घेतला. साखळी सरकली. ओंडक्याचं एक टोक लक्ष्मणच्या पायावर आलं. पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशीला साहेब आले. दुपट्टा वर होता, असं मी शांतपणे सांगितलं. थंड डोक्याच्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार? चूक लक्ष्मणची ठरली, त्याचं काम गेलं, नाटकही सुटलं. पुढे नव्या क्रेनवाल्यांना शिकवायला मलाच नेमलं. वीतभर उचला, थांबा, रागात असाल तर खाली उतरा — हेच मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते शिकवणं खोटं नव्हतं, आजही मी ते मागे घेणार नाही. खोटा मी होतो.

एकदा तो कुबडी टेकत डेपोवर आला. भांडायला नाही. बाजूला बोलावून म्हणाला, "भाऊ, काम नाई मागून राह्यलो. फक्त सांगा — खाली केलेला दुपट्टा तुमाले दिसला नाई का?"

मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "नाई दिसला."

दिसला होता. खाली आलेला, स्वच्छ दिसला होता. तो आत शिरतोय हेही दिसलं होतं. आता घाबरून पळू दे याला, हसू दे सगळ्यांना याच्यावर, असं मनात म्हणूनच मी दांडा ओढला.