भिंतीत जाणारी बाजू

आमच्या घरात कमावणारी माणसं दोन. मी पंप आणि नळ दुरुस्त करतो, आणि बायको चांदीचे कण लिव्हरमध्ये जाऊन काय उद्योग करतात ते कॉम्प्युटरवर बघते. कण इतके बारीक की डोळ्यांना दिसायची सोयच नाही. जखमेच्या मलमात असतात, वास न येणाऱ्या मोज्यांत असतात, आणि तिथून अंगात गेले तर पुढे काय, हा तिचा प्रश्न. लिव्हरमधली एन्झाइमं आपण घेतलेली औषधं फोडून त्यांचा निचरा करतात. कणाने त्यांचं तोंड अडवलं तर साधी गोळीसुद्धा अंगात साठत जाते. एवढं माझ्या डोक्यात शिरायला आठ वर्षं लागली.

तेरा वर्षं ती एकाच खोलीत, एकाच खुर्चीत, दरवर्षी नव्याने सही करायच्या करारावर. खुर्चीचा हात तुटला तोही शेवटी मीच जाऊन बसवला. संध्याकाळी घरी आली की चपला काढून पाच मिनिटं नुसती दाराशी बसते. "चहा टाकू?" विचारलं तर मान हलवते, आणि ते हो की नाही हे ओळखायचं काम माझं.

यंदा मात्र तिच्या हाती काहीतरी लागलं होतं. चांदीचा कण एन्झाइमच्या तळाशी एका खाचेत घट्ट बसतो आणि औषधाचा आत जायचा रस्ता बंद करतो, असं तिच्या मॉडेलमध्ये पुन्हा पुन्हा येत होतं. शोधनिबंध लिहून तयार होता. महिन्याभरात निवड समिती बसणार होती. तिचे साहेब म्हणाले होते, या निबंधावर नोकरी कायम झालीच म्हणून समजा. इतक्या वर्षांत साहेब पहिल्यांदाच गोड बोलले होते.

एका रविवारी दुपारी तिने मला हाक मारून स्क्रीनवर ते चित्र दाखवलं. हिरव्या-निळ्या दोऱ्यांचा गुंता, आणि त्याला खालून चिकटलेला एक राखाडी गोळा.

"हे भिंतीत कुठल्या बाजूने बसतं?" मी विचारलं.

"कसली भिंत?"

"अगं, कुठलीही वस्तू कशात तरी बसवलेली असते. नळाची एक बाजू भिंतीत जाते. याची कुठली जाते?"

तिने चित्र फिरवून त्याची खालची बाजू वर आणली. मग सांगायला लागली. ते एन्झाइम पेशीत मोकळं तरंगत नाही. त्याचा पाय एका पातळ पडद्यात रुतलेला असतो. पण त्याचा आकार मोजताना तो पाय आडवा येतो, म्हणून कापून टाकतात, आणि पुढे सगळे त्या पाय कापलेल्या आकाराचीच फाइल वापरतात.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत असतं. पण माझा कण बसतोय तो नेमका पायापाशी, हे मी कधी ताडून बघितलं नाही. ती खाच पडद्यात बुडालेली असणार. कण तिथे पोचणारच नाही."

मी जीभ चावली. "समितीत कोणी विचारेल हे?"

"नाही विचारणार."

"मग राहू दे की."

दुसऱ्या दिवशी तिने मॉडेलमध्ये पडदा घालून सगळं गणित पहिल्यापासून चालवायला लावलं. त्याला एकोणीस दिवस लागले. ती रोज जात होती, रोज येत होती, आणि घरात आम्ही भाजीपाल्यापलीकडे काही बोलत नव्हतो. मला स्वतःचा भयंकर राग येत होता. विसाव्या दिवशी कळलं, कण पडद्याबाहेरच घुटमळतो. तिने निबंध मागे घेतला आणि समितीला जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. तिने चौदाव्या करारावर सही केली.

त्या संध्याकाळी आम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतो. मी म्हणालो, "माझं तोंडच नडलं. गप्प बसलो असतो तर आज कायम झाली असतीस."

"तेरा वर्षं ही चित्रं दाखवतेय मी," ती म्हणाली. "सगळे माना डोलवतात, छान म्हणतात. नीट बघून विचारणारा तू पहिला." आणि दमलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघून हसली.

मी चादरीची टोकं जुळवत राहिलो. त्या रविवारी दुपारी मला जांभई येत होती, आणि ती लपवायला मी गिऱ्हाइकाला विचारतो तेच तिला विचारलं होतं. चित्राकडे माझं लक्षही नव्हतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.