बैलाचं औषध

लातूर नवं नवं जिल्हा झालं होतं, पाण्याची टंचाई होती, आणि माझ्या सासऱ्यांनी आमच्या डाळमिलच्या दारात राखणीला कुत्रा बांधला. भुसा ज्या बाजूला उडतो नेमका त्याच बाजूला. कारण पोती तिथं रचलेली. तुरीच्या भुशानं सगळ्यांचेच डोळे चुरचुरायचे. आम्ही पदरानं पुसायचो. कुत्रा पंजानं खाजवायचा. थोड्याच दिवसांत त्याचे डोळे लालभडक होऊन चिपडांनी चिकटले.

सासऱ्यांचा त्याच्यावर फार जीव. भाकरी आधी त्याला, मग आम्हाला. गावाकडं बैलाच्या डोळ्यात फूल पडलं, म्हणजे पांढरा डाग आला, की तंबाखू चघळून त्यात पिंक मारायची, ही त्यांची विद्या. त्यांनी कुत्र्याचं डोकं मांडीत दाबून धरलं आणि पिंक मारली. त्याचं केकाटणं मिलच्या आवाजावर ऐकू आलं.

मी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, जागा बदला, उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे धुवा, ही ट्यूब लावा. पुन्हा तंबाखू घातली तर डोळे जातील. घरी येऊन मी शब्द न् शब्द सांगितला.

"आमी इतके बैल बरे केले ते काय ट्यूब लावून?" सासरे हसले. "लई शिकली तू."

सासूबाई म्हणाल्या, "टँकरची वाट बघून माणसं मरायलीत, अन् हिला कुत्र्याचे डोळे धुवायचेत." ट्यूब त्यांनीच भुशात फेकली.

मी माझ्या प्यायच्या पाण्यातलं वाटीभर राखून दुपारी कापसानं डोळे पुसायचे. संध्याकाळी सासरे पिंक मारायचे. त्या घरात सुनेनं रागावायचं म्हणजे भांडी आदळायची, तेवढंच.

डोळे दुधासारखे पांढरे झाले. मग तो पायरव लागला की झडप घालू लागला. एकदा सासरे न बोलता जवळ गेले तर त्यांच्याच पोटरीला चावला. बरं केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आंधळा कुत्रा राखणीला कशाला? डाळीचा ट्रक देगलूरला निघाला होता. सासऱ्यांनी साखळी सोडली, हाक मारली. आवाज ओळखून तो शेपूट हलवत आला, ट्रकच्या फळीवर आपटला, आणि त्यांच्याच हाताच्या आधारानं वर चढला. सासऱ्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते.

"माळावर कुठंबी सोड," ते ड्रायव्हरला म्हणाले, "पर जपून उतरव रे. त्याला दिसत न्हाई."