केशर-वेलचीची बाटली

मी बेचाळीस वर्षांचा आहे, लंडनच्या हॅरो भागात माझं स्वतःचं घर आहे, ऑफिसात चौदा माणसं माझ्या हाताखाली काम करतात, आणि मी आईला घाबरतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा एका शिकल्यासवरल्या माणसानं केला कसा, असं कुणी विचारायला नको.

वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं ओढायचे. तेराव्याला पाहुणे जेवून पांगले, तशी आईनं मला मिरजेच्या घराच्या स्वयंपाकघरात बोलावलं, माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सोडली म्हण." मी म्हणालो, "सोडली." पाकीट तेव्हा माझ्या खिशात होतं. आमच्याकडे आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं की तिच्या जिवावर बेततं म्हणतात. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवसापासून आई फोनवर नुसती खोकली तरी मी तिला डॉक्टरकडे जायला लावायचो.

लंडनला आल्यावर दोन वर्षांनी सिगारेट खरंच सुटली आणि हातात व्हेप आलं, निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायची बॅटरीवरची नळी. शपथ सिगारेटची होती, वाफेची नव्हती, असा वकिली मुद्दा मी स्वतःपुरता काढून ठेवला होता. दुकानातले फ्लेवर मात्र मला झेपेनात. बबलगम काय, निळी रास्पबेरी काय, सगळं लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखं. मग मी घरीच लिक्विड बनवायला लागलो. ग्लिसरीन, फ्लेवरचे थेंब, निकोटिनच्या इवल्याशा बाटल्या, ग्रॅमचाही शंभरावा भाग दाखवणारा काटा, हातमोजे. बायको म्हणायची, "एवढं मन लावून कधी आमटी केली असतीस तर."

या लिक्विडची खरी गंमत मुरण्यात असते. ताजं केलेलं चवीला नुसतं उग्र लागतं. अंधाऱ्या, जराशा उबदार जागी तीन-चार आठवडे ठेवलं की चवी एकमेकींत मिसळतात, रंग पाण्यासारखा असतो तो हळूहळू पिवळा, मग मधासारखा होतो. मी कैरीच्या लोणच्याच्या घरातला माणूस, मुरवणं मला कुणी शिकवायला नको होतं. केशर-वेलची जमवायला मला नऊ खेपा लागल्या. नवव्या खेपेला बाटली उघडली आणि क्षणभर दिवाळीच्या आदल्या दिवशीचं घर नाकात शिरलं. मी खूश झालो आणि त्याचा कडक अर्क करून ठेवला. सगळं निकोटिन त्यातच. लागेल तसा थोडा घ्यायचा आणि ग्लिसरीनमध्ये पातळ करायचा, असा बेत.

तेवढ्यात आईचा व्हिसा आला. तीन महिन्यांसाठी येणार म्हणाली. निकोटिनच्या बाटल्यांवर कवटीचं चित्र असतं, खाली ठळक अक्षरात इशारा असतो. आईला इंग्रजी बेताचंच येतं, पण कवटी कुणालाही वाचता येते. चोराच्या मनात चांदणं. मी निकोटिनच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि अर्क कशात ठेवावा म्हणून कपाट धुंडाळलं. मागे आईनंच मिरजेहून पाठवलेली केशर-वेलची इसेन्सची काचेची बाटली रिकामी होऊन पडली होती. आमच्या घरात बाटली फेकायची पद्धत नाही. धुऊन, वाळवून ठेवायची, कधीतरी लागते. मला लागली. रंग तोच, वास तोच, लेबलही नेमकं. मी स्वतःच्या हुशारीवर इतका खूश की बाटली बॉयलरशेजारच्या कपाटात तूरडाळीच्या डब्यामागे ठेवून दिली, मुरायला. बायकोनं सांगितलं होतं, निदान चिठ्ठी तरी लाव. मी म्हटलं, चिठ्ठी लावली तर लपवण्यात अर्थ काय.

पाडवा आला. मुलीच्या शाळेला ईस्टरची सुट्टी होती. ती पाच वर्षांची. बायकोची चष्म्याच्या दुकानात शिफ्ट होती, तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी अर्धा दिवस सुट्टी काढली होती. घरी आजी आणि नात, दोघीच. आदल्या दिवशीच आईनं ग्रीक योगर्ट मलमलच्या फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं होतं. इथल्या दह्याचा चक्का होत नाही म्हणून ती तीन दिवस कुरकुरत होती.

बेकर स्ट्रीटला मी ट्रेनमध्ये चढलो आणि आईचा फोन आला.

"निघालास का रे? श्रीखंड झालंय बघ. आणि काय सांगू, तुझ्या कपाटात मी दिलेली केशराची बाटली मिळाली. अजून जपून ठेवलीस होय? इथलं केशर मेलं नुसतं रंगाला. मी दोन चमचे चांगले घातले त्यातले. काय घमघमाट सुटलाय. नैवेद्य दाखवते आणि हिला भरवते. भूक भूक करतेय मघापासून."

डब्यात बसायला जागा होती, पण मला बसता येईना. मी दांड्याला धरून उभा राहिलो. दोन चमचे. एखाद्या मोठ्या माणसाला आडवं करायला तेवढं पुरेसं होतं, आणि माझी मुलगी अठरा किलोची आहे. आई स्वयंपाक करताना चाखत नाही, नैवेद्याचा तर कधीच नाही, त्यामुळे कडवट लागून तिला कळेल ही आशाही नव्हती.

आणि मी काय म्हणालो? आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, "आई, ती बाटली जुनी आहे. एक्स्पायर झालीये. ते श्रीखंड टाकून दे."

खरं सांगायला चार शब्द लागले असते. आई, ते विष आहे. चारच. ते जिभेवर आलेही होते. पण पाठोपाठ पुढचा प्रश्न दिसला, विष तुझ्या कपाटात कशाला, आणि त्याच्या पुढचा, आणि स्वयंपाकघरातला तो हात. मी बेचाळीस वर्षांचा बाप्या एक्स्पायरी डेट सांगत बसलो.

"इसेन्सला काय होतंय?" आई म्हणाली. "वास तर बघ म्हणजे..." आणि ट्रेन बोगद्यात शिरली. फोन कट.

फिंचली रोडला ट्रेन उजेडात येईपर्यंत किती मिनिटं गेली मला माहीत नाही. रेंज आल्या आल्या फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पूजा करताना आई फोन बेडरूममध्ये ठेवून येते. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. रडकुंडीला येऊन मी फोनलाच म्हणत होतो, उचल गं, उचल. तेव्हाच ॲम्ब्युलन्सला फोन करायला हवा होता, हे आता कुणीही सांगेल. मला तेव्हाही कळत होतं. पण मी म्हणत होतो, पोचेन मी, अजून नैवेद्यच चालला असेल, आरती असेल, पोचेन. माणूस स्वतःला किती वेळ फसवू शकतो, ते मी त्या दिवशी स्टेशनामागून स्टेशन मोजून पाहिलं. समोर एक बाई आपल्या बाळाला केळं भरवत होती. मला ते बघवेना.

हॅरोला उतरून मी घरापर्यंत धावलो. दार उघडायला चावी लागेना, तिसऱ्या वेळी लागली. मुलगी पॅसेजमध्ये उभी होती. तिच्या तोंडाला काही लागलं आहे का, हे मी आधी पाहिलं. मग तिचं तोंड उघडून जीभ पाहिली, हात हुंगले.

"तू श्रीखंड खाल्लंस?"

"आजी नाही दिला," ती म्हणाली. "आजी म्हणाला, आधी मी खाते. बाबा, आजीचा टमी दुखतो."

आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, कपाटाला टेकून. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पुढ्यात स्टीलचं पातेलं. त्यात ओकत होती. ओट्यावर वाटी होती, चाटूनपुसून खाल्लेली.

"तू म्हणालास ना जुनं आहे," ती दोन उलट्यांच्या मधे म्हणाली. "एवढा चक्का टाकायचा कसा? म्हटलं आधी मी वाटीभर खाऊन बघते. जरा कडवट लागलं, पण वाटलं वेलची जास्त झाली. अर्ध्या तासात काही झालं नाही तर पोरीला द्यायचं. बरं झालं बघ. बरं झालं दिलं नाही."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, काय घेतलंय त्यांनी. मी इंग्रजीत सगळं घडाघडा सांगितलं. निकोटिन, किती, केव्हा, वय किती, शुद्धीवर आहेत का. एकही शब्द अडला नाही. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिचे हात बारीक बारीक हलत होते, नाडी इतकी जोरात उडत होती की गळ्यावर दिसत होती. मला वाटलं, ही आता जाणार, आणि मीच हिला मारली. त्या जुन्या शपथेवर विश्वास नसणारा मी, तिच्या डोक्यावर हात ठेवायलासुद्धा घाबरत होतो. हात हवेतच धरून बसलो होतो.

ती वाचली. रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतली, सकाळी सोडली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळं उलटून पडलं म्हणून निभावलं. बायकोला मी कॉरिडॉरमध्ये खरं सांगितलं. ती म्हणाली, "आईंना तू सांगायचंस. मी नाही सांगणार." आणि मी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, जरा ताकद येऊ दे तिला. डॉक्टरांचं इंग्रजी आईच्या डोक्यावरून गेलं होतं. तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की जुनं इसेन्स बाधलं आणि चूक तिची आहे.

आई मावशीला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं. "अगं, तो मला सांगत होता, जुनं आहे म्हणून. मीच शहाणी. म्हातारपणी बुद्धी फिरते बघ. पोरीला घातलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती." असं म्हणून ती रडली.

त्यानंतर तिनं स्वयंपाक बंद केला. चहासुद्धा स्वतःहून टाकेना. मुलीला शिरा हवा होता, तर रव्याचं पाकीट हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाळा, यावर तारीख काय लिहिलीये, वाच गं मला." मुलगी एकेक आकडा लावून वाचायची. मग साखरेचं पाकीट. मग तुपाची बरणी. तुपाच्या बरणीवर तारीख सापडेना, तर आईनं गॅस बंद केला.

मी ते दारातून पाहिलं. मुलीला वर खेळायला पाठवलं आणि आईला खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. व्हेप खिशातून काढून टेबलावर ठेवलं. बाटलीत काय होतं, का ठेवलं होतं, चिठ्ठी का लावली नव्हती, सगळं.

मला वाटलं होतं, ती कानफटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं व्हेप उचलून उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"फोनवर तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"हिला भरवते म्हटलं, तेव्हाही?"

"हो."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग इतक्या हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं. "एवढी भीती वाटते तुला माझी? मी काय केलं रे तुला असं?"

तिनं काहीच केलं नव्हतं. उभ्या जन्मात तिनं मला एक चापट मारलेली नाही. मी तसं म्हणायला गेलो, तोवर ती उठून मुलीकडे वर गेली.

उरलेला अर्क, ग्लिसरीन, काटा, फ्लेवरच्या बाटल्या मी त्याच आठवड्यात कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला, विषारी कचऱ्याच्या खिडकीवर नेऊन दिल्या. व्हेपही सुटलं. आई ठरल्या दिवशी मिरजेला परत गेली. आता रविवारी फोन होतो. पूर्वी पहिला अर्धा तास ती मला झापायची. केस कापले नाहीत, आवाज बसलाय, मफलर घालत नाहीस, वजन वाढलंय. आता म्हणते, "बरा आहेस ना? कामात असशील तर ठेवते." आवाज सांभाळून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

परवा मी मुद्दाम सांगितलं, आई, ताप आहे दोन दिवस, आणि तरी मी ऑफिसला जातोय, जेवणही धड होत नाहीये. आणि वाट पाहत राहिलो.

"बरं," ती म्हणाली. "तुला ठीक वाटतं तसं कर."