तिसऱ्या वर्षाची ताटं

"मॅडम, ह्यात स्ट्रेंथ कुठं लिवलीय?"

सुभेदार मान्यांनी आमचा अकरा पानी रंगीत रिपोर्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला होता. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. त्यात पाय चार्ट होते, कोळ्याच्या जाळ्यासारखा एक आलेख होता, त्यांच्या मुलीच्या स्वभावाला दिलेलं 'चिंतनशील शोधक' असं नाव होतं. कॉलेजात एकूण मुलं किती, हे मात्र कुठे नव्हतं.

"शंभराच्या आसपास," मी म्हणाले.

"एका वर्गात?"

"नाही. सगळ्या कॉलेजात."

"आवं, एवढी मानसं तर फौजेत आमच्या एका कंपनीत असायची. तीबी रजेवरची सोडून."

मी कराडला खेटून असलेल्या मलकापुरात, हायवेच्या कडेला, एका करिअर गायडन्स ऑफिसात कौन्सेलर आहे. कौन्सेलर म्हणजे बारावी झालेल्या मुलाला आणि त्याच्या घाबरलेल्या आईवडिलांना कोणतं कॉलेज बरं, हे सांगणारी व्यक्ती. ही व्यक्ती बोलकी असावी अशी अपेक्षा असते. इंटरव्ह्यूत मी जेमतेम चार वाक्यं बोलले, पण ती इंग्रजीत बोलले. ऑफिस चालवणाऱ्या सरांनी लगेच घेतलं. सांगलीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे उपकार.

आमच्या धंद्यात 'फिट' हा शब्द फार चालतो. मुलाला कॉलेज आणि कॉलेजला मूल कितपत मानवेल, त्याला फिट म्हणायचं. तो मोजायला सॉफ्टवेअर आहे. मूल चाळीस प्रश्नांची उत्तरं देतं, सॉफ्टवेअर प्रत्येक कॉलेजपुढे टक्के लिहितं. प्रणालीचा, म्हणजे सुभेदारांच्या मुलीचा, एका लिबरल आर्ट्स कॉलेजशी फिट चौऱ्याण्णव टक्के निघाला होता. त्याच आठवड्यात त्याच कॉलेजशी एका मुलाचा ब्याण्णव निघाला होता. त्याला जिम काढायची होती. ते आमचं पार्टनर कॉलेज होतं, म्हणजे प्रवेशामागे आम्हाला कमिशन देणारं, आणि पार्टनर कॉलेजांशी आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याच मुलांचं विलक्षण जमतं.

लिबरल आर्ट्स म्हणजे काय, ते मी सुभेदारांना सांगितलं. एकच विषय धरून बसायचं नाही. इतिहास, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, नाटक असं मिसळून शिकायचं. वर्ग लहान. राहायचं तिथंच, आटपाडीच्या अलीकडे माळावर.

"म्हंजी शिकून व्हायचं काय?"

सरांचे कान अशा प्रश्नांना तयार असतात. ते केबिनमधून बाहेर आले.

"सुभेदारसाहेब, काय व्हायचं हा प्रश्न आता जुना झाला. आमच्या मॅडमच बघा की. लिबरल आर्ट्सच्याच आहेत."

मी पुण्यातल्या ज्या कॉलेजात बीए झाले, तिथं एका वर्गात दीडशे मुलं होती. तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाला माझं नाव कळलं नाही, आणि ते कळू नये याची मीही पुरेपूर काळजी घेतली. पण विषय सायकॉलॉजी होता, आणि सरांच्या हिशेबात डॉक्टर-इंजिनियर सोडून सगळं लिबरल आर्ट्समध्ये येतं.

"आन मग त्या हितं काय करत्यात?" सुभेदारांनी विचारलं. त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच माहिती हवी होती. सरांना अचानक एक फोन आठवला.

प्रणाली या सगळ्यात मान खाली घालून बसली होती. गाव वडूजजवळ. बारावीला मार्क चांगले, मेडिकलच्या परीक्षेतून मात्र हाती काही लागलं नव्हतं. घरच्यांचं ठरलं होतं: बीएस्सी ॲग्री, मग स्पर्धा परीक्षा. हे कॉलेज फोनवर शोधून तिनेच फॉर्म भरला होता. तासाभरात ती दोन वाक्यं बोलली. पहिलं, "मला जायचंय." दुसरं, "पण मला जमेल का ते माहीत नाही." आमच्या ऑफिसात इतकं खरं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं, माझी स्वतःची वाक्यं धरून.

शनिवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं. एक जागा धरली की दुसरी गेली. तो दिवस बुधवार होता.

"कागदावर समदी पोस्टिंगं चांगलीच दिसत्यात," सुभेदार उठत म्हणाले. "जाऊन बघू उद्या."

'कॅम्पस व्हिजिट' म्हणून सरांनी मला बरोबर धाडलं. "पॉझिटिव्ह बोल," ते म्हणाले. "जास्त नको, पण जे बोलशील ते पॉझिटिव्ह."

विट्याच्या पुढे ऊस संपतो आणि आभाळ जास्त दिसायला लागतं. बोलेरोत कोणी बोलत नव्हतं. तिघंही गप्प बसणारे असले की प्रवास छान होतो.

कॉलेज देखणं होतं. दगडी भिंती, नव्याने लावलेली झाडं, आणि प्रत्येक झाडाला एक विचारवंत, त्याच्या सुविचारासकट, चिकटवलेला. डीन मॅडमनी आम्हाला गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसवलं, कारण तिथं कोणी पुढे नसतं आणि कोणी मागे नसतं. प्रोजेक्टर मात्र त्यांच्याच बाजूला होता.

"आम्ही इथे मुलांना उत्तरं देत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही प्रश्न विचारायला शिकवतो."

"बरं हाय," सुभेदार म्हणाले. "मग मी एक इचारतो. पैल्या वर्साला आलेली पोरं तिसऱ्या वर्सापतोर किती ऱ्हात्यात?"

"फारच सुंदर प्रश्न," डीन मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी राहणं म्हणजे काय, वाढणं म्हणजे काय, आणि हे कॉलेज नसून कुटुंब कसं आहे, हे दहा मिनिटं सांगितलं. उत्तरं देत नाही म्हटल्याप्रमाणे त्यांनी खरोखरच उत्तर दिलं नाही.

जेवणानंतर प्रणालीला एका तासाला बसवायचं ठरलं. जेवण झालं आणि सुभेदार दिसेनात. लायब्ररीत नव्हते, हॉस्टेलकडे नव्हते. शेवटी मेसच्या मागच्या दाराशी सापडले. भाजीच्या उपड्या क्रेटवर बसून लसूण सोलत होते. समोर मेस चालवणाऱ्या अक्का होत्या, आटपाडीच्या, पन्नाशीच्या.

"या मॅडम," सुभेदार म्हणाले. "युनिट कसं हाय ते सीओसायबाच्या हापिसात कळत न्हाई. लंगरात कळतं." लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर. मग अक्कांकडे वळून, "आता मॅडमास्नी सांगा. ताटं किती?"

"पैल्या वर्साची बेचाळीस, दर साली तेवढीच येत्यात," अक्का पोळी उलटत म्हणाल्या. "दुसऱ्याची एकतीस. तिसऱ्याची एकोनीस."

"बाकीची?"

"गेली की."

मी दोन वर्षं या कॉलेजचं माहितीपत्रक लोकांच्या हातात देत होते. ग्रंथालयात पुस्तकं किती, झाडांच्या जाती किती, हे मला पाठ होतं. हा आकडा विचारावा असं मला कधी सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मी तो भाकरी-पोळी करणाऱ्या बाईला विचारला नसता.

"कशापायी गेली?" सुभेदारांनी विचारलं.

"पोरं वाईट न्हाईत. मास्तर बी वाईट न्हाईत." अक्कांनी पोळी टोपलीत टाकली. "हितं लपायला जागा न्हाई, एवढंच. एकादी न जेवता गेली तर मला कळतं. मला कळलं की मास्तरला कळतं. मास्तर येऊन दार वाजवतो, काय झालं म्हनून. कुनाला बरं वाटतं. कुनाला गळ्याला फास लागल्यागत हुतं."

सुभेदारांनी लसणाचा पुढचा गड्डा फोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमची बहीण असती तर धाडली असती?"

पॉझिटिव्ह बोलायची हीच वेळ होती. मी वाक्य तयारही केलं होतं, त्यात 'समग्र विकास' होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी अशा कॉलेजात शिकलेले नाही. माझं कॉलेज मोठं होतं, मी तिथे लपून तीन वर्षं काढली. आणि तो रिपोर्ट... या कॉलेजशी आमच्याकडे सगळ्यांचेच नव्वदच्या वर येतात."

"ते कळलं हुतं मला."

"कसं?"

"रिपोर्ट देताना तुमी माज्याकडं बघितलंच न्हाई. आमी लय वर्सं नव्या पोरांकडनं खोटं ऐकलंय."

अक्का हसल्या. मला तिथून जायचं होतं, पण मागच्या दाराच्या वाटेत बटाट्याचं पोतं होतं.

तासाला आठ मुलं होती. प्रणाली आणि मी धरून दहा. शिकवणारा माणूस तरुण, झब्बा घातलेला, अर्धा इंग्रजीत अर्धा मराठीत बोलणारा. विषय दुष्काळ. त्याने पडद्यावर चारा छावणीचा फोटो लावला आणि सांगितलं, की गावात चारा संपला की लोक जनावरं घेऊन इथे राहायला येतात. मग त्याने प्रणालीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

ती लाल झाली. मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. माझ्या कॉलेजात अशा वेळी दुसरं कोणीतरी हात वर करायचं आणि सुटका व्हायची. इथे कोणी हात वर केला नाही. आठही जण शांतपणे थांबले. तो माणूसही थांबला. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण पंख्याचा आवाज नीट ऐकू आला.

"चाऱ्यासाठी नाही जात," प्रणाली शेवटी म्हणाली, जवळजवळ टेबलाला. "चारा ट्रॉलीतून घरी आणता येतो. पाण्यासाठी जातात."

'व्हेरी गुड' येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही. "कशावरून?" त्याने विचारलं.

"आमची दोन जनावरं होती छावणीत. बाबा पोस्टिंगवर. आई आणि मी जायचो. चारा आमच्याकडे होता."

त्याने तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि बाकीच्यांना ते खोडून काढायला सांगितलं. एका मुलाने जोरात प्रयत्न केला. प्रणालीने त्याला उत्तर दिलं. बाहेर आल्यावर ती दोन ग्लास पाणी प्यायली.

"आवडलं का?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "रोज असंच असतं का?"

सुभेदारांचा मात्र निर्णय झाला होता. "एकोनीस," ते म्हणाले. "पोरी, बेचाळीसातली एकोनीस. आपन ॲग्रीच करू."

"बाबा, गेलेल्यांना विचारू या ना."

हे त्यांच्याच घरातलं वळण होतं. फौजेत पोस्टिंग आली की तिथून परत आलेला माणूस शोधतात. प्रश्न फक्त नंबरचा होता. ऑफिसने सांगितलं की सोडून गेलेल्या मुलांची माहिती गोपनीय असते. अक्कांच्या फोनमध्ये ती सगळी होती. पोरं अजून फोन करायची, कुणाला पिठल्याची आठवण यायची, कुणाला नुसतीच.

मेसच्या पायरीवर बसून आम्ही दोन फोन लावले, स्पीकर लावून. पहिला मिरजेचा मुलगा. "कॉलेज चांगलंय काका," तो म्हणाला. "मला नाही झेपलं. मला आपलं मागं बसून ऐकायला आवडतं. आता कॉमर्स करतोय, मजेत आहे." मला तो फारच समजूतदार वाटला.

दुसरी तासगावची मुलगी. तिला घरच्यांनी कॉलेजातून काढलं होतं, या डिग्रीचं पुढे काय, म्हणून. सुभेदार काही विचारणार, एवढ्यात प्रणालीने फोन स्वतःकडे ओढला.

"ताई, न बोलणाऱ्या मुलीचं काय होतं इथं?"

"पहिली टर्म वाट लागते," ती मुलगी म्हणाली. "खरंच सांगते, रोज घरी जावंसं वाटतं. मग कळतं की हे लोक काही सोडणार नाहीत. मग बोलायला लागतेस. मी लागले होते." आणि थोड्या वेळाने, "आता परत बंद झालंय."

परतताना विट्याला चहाला थांबलो. सुभेदारांनी बशीत ओतलेला चहा तसाच गार होत होता.

"मी जाते," प्रणाली म्हणाली.

"आन पळून आलीस तर?"

"आले तर आले. न्यायला या."

त्यांनी बशी उचलली, चहा संपवला. "यीन," ते म्हणाले. "पर हाक मारल्याबिगर यायचो न्हाई."

शुक्रवारी तिने हो कळवलं. सरांनी तेवढ्यावर सॉफ्टवेअरची पाठ थोपटली आणि तिचा फोटो भिंतीवर लावायला मागितला. तिने दिला नाही. डीन मॅडमनी मेलवर नाराजी कळवली, की पुढच्या व्हिजिटला पाहुण्यांनी ठरलेल्या मार्गानेच फिरावं. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या संस्थेची ही अपेक्षा मी फाइलला लावून ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत बाप-लेक ऑफिसात आले. मी कसं चाललंय विचारलं.

"वाईट," प्रणाली म्हणाली. "एका विषयात नापास होणार आहे बहुतेक."

"दोनदा हाक मारली हिनं," सुभेदार म्हणाले. "दोन्ही येळेला मी बोलेरो घेऊन गेटापतोर गेलो. दोन्ही येळेला गेटावर येऊन म्हनती, ऱ्हाऊ द्या, उद्या माजं प्रेझेंटेशन हाय." त्यांना राग आला होता की नाही, कळत नव्हतं. "डिझेल ओतायला बाप हायेच की."

"पुढच्या टर्मला नाटक घेतलंय," ती म्हणाली. "तिथली सगळी म्हणाली, तू नको घेऊस."

कोणतं कॉलेज कोणाला मानवेल, हे मला अजून सांगता येत नाही. मी आता समोर बसलेल्या पालकांना रिपोर्ट देते, आणि सर केबिनमध्ये असले की हळू आवाजात सांगते: कॉलेज सोडून गेलेल्या दोघांना शोधा, फोन करा, मग ठरवा. निम्मे पालक तेवढ्यावर उठून जातात. लोक अर्ध्यातून का उठतात, याचा सरांनी बराच विचार केला. गेल्या महिन्यात त्यांनी वेटिंग रूममध्ये नवा एसी बसवून घेतला.