काळ्या ऑईलचे डबे

आमच्या घरात सगळ्यात मोठं भांडण झालं ते जमिनीवरून नाही, की माझ्या माहेरावरून नाही. ते झालं गाडीच्या ऑईलवरून. ऐकणारे हसतात. हसा बापडे! मी तेव्हा हसले नव्हते.

मी दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. लग्न होऊन न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा सासऱ्यांची जीप शिरूर ते दौंड वडाप करायची. वडाप म्हणजे जीपमध्ये मावतात त्याच्या दुप्पट माणसं कोंबायची आणि वर म्हणायचं, "सरका की जरा, अजून एक म्हातारी यायचीय." सासऱ्यांना अख्खा रस्ता आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. माणूस वरून खडूस, पण रस्त्यात हात केलेल्या माणसाला त्यांनी कधी मागं टाकलं नाही.

जीप दिवसभर धुळीतून पळायची, त्यामुळं तिचं इंजिन ऑईल सारखं बदलावं लागे. आबा ते रविवारी सकाळी दारातल्या कडुलिंबाखाली बदलायचे, आणि तो आमच्या वस्तीवरचा एक सणच असायचा. आदल्या दिवशी कुणाच्या तरी कानावर घातलं की पुरे. सकाळी एकेक जण हातात डबा घेऊन हजर. शेजारचे चाचा यायचे, त्यांना बैलगाडीच्या आसाला वंगण पाहिजे असायचं. ओढ्यापलीकडची आजी यायची. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता कांदा आणि चार शेळ्या. तिला गोठ्याच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, लावायला ऑईल लागायचं, वाळवी लागत नाही म्हणून. कुणाला कडबाकुट्टीला, कुणाला दाराच्या बिजागरीला. आबा गाडीखाली शिरून चेंबरचा नट सोडायचे, काळी धार घमेल्यात पडायची, आणि ते बाहेर येऊन दोन बोटांत ऑईल चोळून वास घ्यायचे. "पार पानी झालंय," असा निकाल द्यायचे. मग वाटप, मग गप्पा. आणि चहा कुणी करायचा? मी! रविवारचा दिवस, डोक्यावरून अंघोळ करायची राहिलेली, आणि बाहेरून हाक, "सूनबाई, आजून दोन कप वाढव." मी पातेलं असं आदळायचे की लिंबाखाली ऐकू जावं. कुणाला काही फरक पडत नव्हता.

पुढं आबांचे गुडघे गेले, नजर कमी झाली, जीप विकली. माझे मिस्टर शिक्रापूरला कंपनीत होते. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्यांनी नवी पेट्रोल गाडी घेतली. ते स्वतः कंपनीच्या बसनं जायचे, गाडी बहुतेक दारातच असायची. गाडी आणायला आबांना मुद्दाम पुण्याला नेलं. शोरूममधला पोरगा सांगत होता, "आबा, आत सिंथेटिक ऑईल आहे. वर्षातून एकदा बदलायचं, नाहीतर दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल ते. मध्ये हात लावायची गरज नाही."

"वर्षातनं येकदा?" आबा म्हणाले. "वर्षातनं येकदा आमी देवाला जातो."

मिस्टरांनी आपल्याकडच्या धुळीचं विचारलं. आबा लगेच म्हणाले, "आन् उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत जायचं, ते बी इचार." पोराचं म्हणणं पडलं की फारच धूळ असेल तर थोडं आधी दाखवा, पण महिन्या-महिन्याला बदलणं म्हणजे चांगलं ऑईल फेकून देणं. परत येताना आबा वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत नुसते बॉनेटकडं बघत बसले.

काही महिन्यांनी त्यांनी बॉनेट उघडून ऑईल बघायची पट्टी काढली, पांढऱ्या फडक्याला पुसली आणि फडकं लेकाच्या नाकासमोर धरलं. "काळं पडलंय."

"आबा, काळं पडणारच. इंजिनातली घाण ते स्वतःत धरून ठेवतं. म्हणजे काम करतंय ते."

"काम करतंय, मंग दमलं असंल की!"

हे असं चालायचं. मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही कंटाळा यायचा.

मग एका रविवारी मिस्टरांना ड्युटी होती. मी भाकऱ्या उरकून बाहेर आले तर लिंबाखाली पोतं अंथरलेलं, आबा गाडीखाली, आणि चाचा, आजी, सगळी मंडळी डबे घेऊन बसलेली. जीप गेल्यापासून आबांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. दौंडच्या रेल्वे फाटकात रुतलेल्या जीपची जुनी गोष्ट सांगत होते, आणि चाचा ती शंभरदा ऐकूनही "मग पुढं काय झालं?" विचारत होते. खरं सांगते, त्या दिवशी मी पातेलं आदळलं नाही. आलं टाकून चहा केला.

घोटाळा असा झाला की आबांनी नव्या गाडीत जीपसाठी आणलेलं डिझेल इंजिनाचं जाड ऑईल ओतलं. घरात सीलबंद डबा पडून होता, चांगली वस्तू वाया कशाला घालवायची! त्यांच्या हिशोबानं ऑईल ते ऑईल. मिस्टर दुपारी आले, रिकामा डबा बघितला आणि त्यांचा पाराच चढला.

"आबा, आवो हे जीपचं ऑईल! नवी गाडी हाय ही! आजपासून गाडीला हात लावायचा न्हाई तुमी. अजिबात न्हाई."

चाचा अजून बसलेले होते. त्यांनी हळूच कप खाली ठेवला, आपला डबा उचलला आणि गेले. आबांनी हातातला पाना फडक्यात गुंडाळला आणि घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या गॅरेजात ते ऑईल काढून योग्य ते भरलं. गाडी फार चालली नव्हती, तिचं काही बिघडलं नाही. आबा मात्र बिघडले. लिंबाखाली जाईनात. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, अर्धी भाकरी ताटात तशीच. एकदा आजी डबा घेऊन आली आणि दारातून हाक मारली. आबांनी आतून मला हातानं खुणावलं, घरात न्हाई म्हणून सांग. रस्त्यावरच्या परक्या माणसालाही कधी मागं न टाकणारा माणूस आजीला तोंड चुकवतोय!

रात्रीपर्यंतही मी थांबले नाही, मिस्टर बूट काढत होते तिथंच त्यांना धरलं. "गाडीची एवढी काळजी करताय, बाप झिजत चाललाय तो दिसत न्हाई का?"

"मी काय चुकीचं बोललो?"

"चुकीचं न्हाई बोललात. म्हणूनच जास्त लागलंय त्यांना."

मला वाटलं, वाटायला ऑईल नाही म्हणून त्यांना लाज वाटतेय. मी आपली शहाणी! शिरूरच्या गॅरेजातून जळक्या ऑईलचा कॅन भरून आणला आणि आबांसमोर ठेवला. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं.

"कुनाचं हाय हे?"

"गॅरेजातलं."

"मंग गॅरेजवाल्यानं वाटावं," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

कॅन मी आजीकडंच घेऊन गेले, निदान तिच्या मेढींना तरी होईल म्हणून. आजी शेळीची धार काढत होती. "ठिव तिकडं गोठ्यामागं," म्हणाली. मी गोठ्यामागं गेले आणि बघतच राहिले. भिंतीला लागून डब्यांची रांग. वनस्पती तुपाचे, रंगाचे, बिस्किटांचे डबे, आणि सगळे काळ्या ऑईलनं भरलेले. कित्येकांवर धूळ बसून साय धरली होती. आणि गोठ्याला लाकडी मेढी कुठं होत्या? लोखंडी पाईप उभे होते!

"आजी, अहो तुम्हाला हे लागतच नाही!"

"न्हाई लागत," आजी म्हणाली. तिनं धार काढायची थांबवलीसुद्धा नाही. "पाईप उबं करून लई दिस झालं. त्या चाचाला तरी कुटं लागतंय? बैलं इकली त्यानं, गाडी मोडून चुलीत गेली."

"मग येता कशाला डबा घेऊन?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की बाई, तू खुळी का शहाणी. "आता बघा! रिकामं-टेकडं कुनाच्या दारात जाऊन बसायचं व्हय? आमचं मानूस गेल्यापास्नं मला बोलाया कोन हाय? तुजा सासरा बोलतो, हसवतो. पर कायतरी काम घिऊन गेल्याबिगर बरं दिसतं का?"

मी तिथंच बसले. हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम. लिंबाखालच्या त्या सगळ्या सकाळी, माझं पातेलं आदळणं, आणि ही माणसं, नको असलेलं ऑईल उन्हातून घरी वाहून नेणारी.

घरी येऊन मिस्टरांना सगळं सांगितलं. आबांना नाही. मिस्टर दारात जाऊन गाडीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वर्ष होत आलंय गाडीला."

पुढच्या शनिवारी त्यांनी सिंथेटिक ऑईलचा नवा कॅन आणि फिल्टर आणून आबांच्या कॉटशेजारी ठेवला. "आबा, ऑईल बदलायचं झालंय. सर्व्हिसिंगला न्हेत न्हाई. तुमीच काढा."

"माजा हात लागंल गाडीला," आबा म्हणाले.

"लागू द्या." मग थोडं थांबून, खाली बघत, "चुकलं माझं, आबा."

आबांनी तो कॅन उचलून डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करू लागले.

रविवारी सगळे आले. आबांना गाडीखाली शिरणं जमेना, तर मिस्टर शिरले आणि आबा वरून ओरडत होते, "आरं सावकास! नटाचा आटा जाईल!" काळी धार पडली, बोटांत चोळून झालं, वास झाला. "चांगलं व्हतं की रं आजून," आबा स्वतःशीच पुटपुटले. मग डबे पुढं आले. छोट्या गाडीचं ऑईल ते केवढं, थोडं थोडं सगळ्यांना.

शेवटी आजीचा डबा. तिनं तो पदराखालून काढून पुढं सरकवला आणि मी चहाचा ट्रे तिथंच खाली टेकवला. डबा आधीच भरलेला होता. गडबडीत रांगेतला उचलून आणला असणार. वर फक्त बोटभर जागा.

आबांनी डब्यात बघितलं. मग आजीकडं बघितलं. आजी लिंबाकडं बघत होती. चाचा आपल्या चपलेकडं बघत होते.

आबांनी घमेलं उचललं. बारीक धार सोडत त्यांनी डबा काठोकाठ भरला, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

"पुरंल का?" त्यांनी विचारलं.

"वरीसभर पुरंल," आजी म्हणाली.

"वरीस लई झालं," आबा म्हणाले. "म्होरल्या रविवारी पट्टी काढून बगनार हाय मी, ऑईल कमी-जास्त हाय का ते. दर रविवारी बगनार हाय. या."

"डबा आनू?"

"आना की."