पट्टा बांधून तीनताल

माझ्या वहीत डाव्या पानावर क्लासचा रियाज असतो. कोणी काय वाजवलं, किती वेळ, कुठे अडलं. उजव्या पानावर बाकीचं. एरवी ते चार ओळींत संपतं, पण दिनेशने तो पट्टा आणला आणि उजवी पानं पुरेनाशी झाली. एक किस्सा लिहून पेन बंद करावं, तर दुसऱ्या दिवशी त्याहून भारी घडलेला! ऐकणारे हसतात. मला लिहिताना हसू आलं नाही. राग आला की माझं अक्षर मोठं होतं, आणि या पानांवर ओळीला पाचच शब्द मावलेत.

आमचा क्लास म्हणजे फणसवाडीतली रेडकर सरांची पहिल्या मजल्यावरची खोली. मी तिथे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तबला शिकायला गेले. सावंतभाऊ पेटीवर लेहरा धरतात, म्हणजे एकच सुरावट फिरवत राहतात आणि आम्ही तिच्यावर वाजवतो. सगळ्यात चांगला हात लालबागच्या तन्वीचा. वय पंधरा. या गुरुपौर्णिमेला सरांनी तिला अर्धा तास एकटीने वाजवायला सांगितलं होतं. असा मान ते तीन-चार वर्षांतून एखाद्यालाच देतात. दिनेश हा तिचा बाप. पोरगी तयार होती, धीर त्याला धरवत नव्हता.

*

तर तो पट्टा. कपाळाला बांधायचा, तो मेंदूला हलका करंट देतो, आणि वाद्य किंवा खेळ निम्म्या वेळात येतो, असा विकणाऱ्यांचा दावा. दादरच्या एका हॉलमध्ये त्याचा डेमो होता. दिनेश मलाही घेऊन गेला.

आजारी माणसांवर डॉक्टर असे काही उपचार करतात, हे मी वाचलं आहे. पण तिथे डॉक्टर कोणीच नव्हता. टाय लावलेला एक तरुण होता. हा पट्टा कोणी वापरून पाहिला, असं मी विचारलं. परदेशातले मोठे खेळाडू, म्हणाला. नावं विचारली तर ती गोपनीय.

मी शेवटचं विचारलं, "तुम्ही स्वतः काय वाजवता?"

"मी सेल्सला आहे, मॅडम."

"निम्म्या वेळात येतं ना? मग एव्हाना काहीतरी यायला हवं होतं."

त्याने पुढची स्लाइड लावली. दिनेशने त्याच दिवशी पट्टा घेतला.

*

पट्टा घेतल्यावर दिनेशला तो क्लासमधल्या सगळ्यांना बांधून बघायचा होता. सावंतभाऊंची पाळी आली. भाऊ पन्नास वर्षं डोक्याला खोबरेल थापतात, ते कपाळावर उतरतं आणि चष्म्यालाही लागतं. पट्ट्याला जोडलेल्या मोबाइलवर लाल खूण येऊन बसली, ती हलेना. दिनेशने पुस्तिका काढून वाचली. त्वचा कोरडी हवी, तेल चालत नाही, करंट आत जात नाही.

भाऊंनी पट्टा काढून त्याच्या हातात ठेवला. "ह्येका खोबरेलातसून जावक जमणा नाय, कवटीतसून काय जातला!"

*

पट्ट्याला आतून दोन स्पंज असतात. ते मिठाच्या पाण्यात भिजवून घ्यायचे. एका शनिवारी तन्वी तसाच ओला पट्टा बांधून क्लासला बसली. मान खाली घालून कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, वाजवत होती. आणि स्पंजातलं पाणी नाकावरून टप टप तबल्यावर, बरोबर मधल्या काळ्या शाईवर.

आमच्याकडे तबल्यावरून कोणी पाय टाकून गेलं तरी सर परत नमस्कार करायला लावतात. त्या दिवशी ते स्वतःच पुढे झाले. सदऱ्याच्या टोकाने शाई टिपत राहिले. उशीर झाला होता. सोमवारी शाईला तडे गेले आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा झाला.

दिनेशने कंपनीला फोन लावला. तबला हे उपकरण वॉरंटीत येत नाही, असं उत्तर आलं.

*

एक महिना झाला, तेव्हा दिनेश विजयी चेहऱ्याने आला. तन्वीचा रेला, म्हणजे जलद बोलांची सलग धार, साफ निघत होता, ते खरंच होतं. मी डावं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. पट्ट्याआधी ती आठवड्यातून चारदा अर्धा-अर्धा तास बसायची. पट्टा आल्यापासून रोज दोन तास, आणि शेजारी बाप.

"पट्ट्याशिवाय ती रोज दोन तास बसली असती का, ताई?" त्याने विचारलं.

तो प्रश्न मी उजव्या पानावर तसाच लिहून ठेवला आहे. पण शेजारी बसायला बापाला पट्टा लागावा, याचाही मला राग आला. हे मी त्याला बोलले नाही. बोलायला हवं होतं.

*

पुढच्याच आठवड्यात कळलं की चार्जरची वायर आतून तुटली होती. सहा दिवस तन्वी मेलेला पट्टा बांधून बसत होती. त्याच सहा दिवसांत तिने एक अवघड चक्रदार बसवलं, म्हणजे तीनदा फिरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा. डाव्या पानावर तारखांसकट आहे. मला वाटलं, चला, आता तरी संपलं!

दिनेशने क्षणभर विचार केला. "म्हणजे आधीचा करंट मेंदूत साठलेला असणार."

सर उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

मग तिच्या कपाळावर डाग पडला. स्पंजाच्या आकाराचा, लालसर, कडेने सोललेला. तिची आई त्यावर कोरफड लावायची, आणि शाळेत जाताना तिचे केस कपाळावर ओढायची. मी स्वतः त्या सेल्सवाल्याला फोन केला.

"म्हणजे काम करतंय, मॅडम," तो म्हणाला.

मी काय बोलले ते वहीत लिहिलेलं नाही.

डाग उतरला, पण वेगळंच होऊन बसलं. एकदा पट्टा घरी राहिला, तर तन्वीने तबल्याला हातच लावला नाही. "मला नाही जमणार, मावशी. त्याच्याशिवाय माझा हात येत नाही." सात वर्षांचा हात. थंडीत, तापात, परीक्षेच्या दिवसांत कमावलेला. तो तिने एका प्लास्टिकच्या पट्टीला देऊन टाकला होता. गुरुपौर्णिमेला दहा दिवस राहिले होते.

*

गुरुपौर्णिमेला खोली भरली. लोक जिन्यात बसले. दिनेशने त्या सेल्सवाल्यालाही बोलावलं होतं. तो तन्वीच्या समोर कॅमेरा लावून बसला, जाहिरातीसाठी. मला वाटलं सर त्याला हाकलतील. सर एवढंच म्हणाले, "आधी पढंत."

आमच्याकडे वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी देत. तन्वी पट्टा बांधून बसली होती. भाऊंनी लेहरा धरला, तिने सुरुवात केली. दुसऱ्या आवर्तनाला घाम फुटला, स्पंज सरकला आणि पट्टा वाजायला लागला. पिप्, पिप्, पिप्. स्वतःच्याच चालीने. तीनतालाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

तन्वी अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडखळली. सर टाळी देत होते, तिच्याकडे न बघता. सेल्सवाला खुणेने सांगत होता, कपाळावर दाबून धर. दिनेश उठून पट्टा नीट करायला पुढे झाला.

तन्वीने तो स्वतःच ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. "बाबा, हा बेताल आहे. बाहेर ठेवा."

तिने पढंत पुरी केली. मग हात तबल्यावर ठेवले.

दिनेश पट्टा घेऊन तिथेच, तिच्या मागे खाली बसला. तिला वाजवायला लागून वीस मिनिटं झाली असतील. सेल्सवाला वाकून त्याच्या कानाशी आला. शेवटच्या तुकड्याला तरी पट्टा बांधू द्या, म्हणत होता, एक मिनिटाचा शॉट पुरेल.

दिनेशची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. त्याने मान वर केली नाही.

"थांबा हो," तो म्हणाला. "सम येतेय."