आत्या आणि तीन नंबरच्या खोलीचं छत

आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाम माहीत होतं की माझी आत्या लोकांना घाबरवायचा पगार घेते.

ही बातमी तळमजल्यावरच्या काकूंची. गुपित सांगताना काकू आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, आणि मग आवाज असा खाली आणतात की तिसऱ्या मजल्यावर अगदी स्वच्छ ऐकू यावा. "अगं, बोटांना वायरी लावतात म्हणे! आणि मागून धाडकन डबा वाजवतात! दचकला की नाव वहीत! आणि डबा कोण वाजवतं? हीच. हीच आपली!"

आत्याने हे ऐकलं तेव्हा तिचा एकच प्रश्न होता. "डबा कसला गं? तेलाचा की बिस्किटांचा?"

तर खरी गोष्ट अशी. आत्या एका संशोधन केंद्रात मुलाखती घेते. तीन वर्षांपूर्वी एका चित्रपटगृहाचं छत दुपारच्या खेळात खाली आलं. जीव कोणाचा गेला नाही, पण आतून जी माणसं बाहेर आली ती आत गेली तशी राहिली नाहीत. त्यांत कॉलेज बुडवून आलेली पोरं होती आणि त्यांच्या आईबापांच्या वयाची माणसंही होती. असा धक्का मनात किती मुक्काम ठोकतो, तरुणांत कसा आणि मोठ्यांत कसा, आणि कशाने उतरतो, हे केंद्रातले लोक शोधतायत. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला तेच बेचाळीस प्रश्न. झोप लागते का? दार आपटलं तर काय होतं? त्या दिवसाची आठवण नको म्हणून काय काय टाळता? वायरी आहेत, पण त्या शेजारच्या खोलीत, नाडी मोजायला. आणि त्या लावणाऱ्या बाई इतक्या मऊ बोलतात की समोरच्याला झोप यावी.

आत्याकडे मानसशास्त्राची पदवी नाही. अठरा वर्षं ती वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसत होती. ती खिडकी बंद झाली आणि ती या नोकरीसाठी गेली. तिथल्या मुख्य डॉक्टरबाईंनी विचारलं, "अनुभव?" आत्या म्हणाली, "अठरा वर्षं शिव्या खाल्ल्यात, मॅडम. एकदाही उलट दिली नाही." डॉक्टरबाई म्हणे हसल्याच नाहीत. फक्त म्हणाल्या, "सोमवारपासून या."

माझा क्लास त्या केंद्राच्या शेजारी. तो सुटला की आत्याचं काम संपेपर्यंत मी तिथल्या बाहेरच्या बाकावर बसते. म्हणून मला तिच्या सवयी पाठ आहेत. येणाऱ्याला ती दाराजवळची खुर्ची देते, स्वतः आतल्या बाजूला बसते, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर वाटेत कोणी नको. पाणी आधी स्वतः पिते. आणि प्रश्न विचारला की गप्प बसते. समोरचा अडखळला की दोनच शब्द, "घाई नाही." तिथे येणाऱ्यांनी तिचं नावच 'घाई-नाही-ताई' पाडलंय.

मला कोणाचीही नक्कल जमते. काकू, डॉक्टरबाई, आमच्या क्लासचे नाकात बोलणारे सर, सगळे माझ्या खिशात. आत्याचा आवाजही जमतो. पण तिचं ते गप्प बसणं मी एकदा दादावर करून बघितलं. समोर बसले, विचारलं, "काय रे, कसा आहेस?" आणि थांबले. पाचव्या सेकंदाला मला हसू आलं, आठव्याला पायाला मुंग्या. नशीब की नवव्याला दादानेच तोंड उघडलं आणि माझा हेडफोन त्याने तोडल्याचं कबूल केलं. मुलाखती चालतात त्या खोलीत ही बाई असं दीड-दीड मिनिट बसते. रोज. चारचार माणसांसमोर.

खोलीतलं एक अक्षर ती घरी आणत नाही. माणसांना नावं नाहीत, आकडे आहेत. म्हणून पुढच्या गोष्टीतले गृहस्थ आमच्या घरात 'एक्केचाळीस' होते. हे मी त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, आणि आकडा बदललाय.

एक्केचाळीस म्हणजे त्या चित्रपटगृहाचे दारवान, तिकिटं फाडून लोकांना आत सोडणारे. आता ते एका उघड्या वाहनतळावर गाड्या लावून घेतात, कारण डोक्यावर मोठं छत आलं की त्यांचे पाय पुढे जात नाहीत. मुलीच्या शाळेत कार्यक्रम असला की हे फाटकाशी उभे. पुढच्या महिन्यापासून केंद्र काही जणांना मोफत उपचार सुरू करणार होतं, तज्ज्ञाबरोबर बारा बैठका. पण नियम असा की तीन मुलाखती चुकल्या की नाव कमी. अभ्यासातूनही, उपचारातूनही. एक्केचाळीसांच्या दोन चुकल्या होत्या. तिसरी शुक्रवारी चार वाजता, आणि त्याच संध्याकाळी यादी बंद.

सोमवारी आत्याने त्यांना फोन केला. मी बाकावरच होते, तिची बाजू तेवढी ऐकली.

"नमस्कार दादा. नाही, रागवायला नाही केला... हो... हो, कळलं." मग एकदम, "नाही हो. कधीच नाही."

फोन ठेवला तेव्हा तिचं तोंड इतकंसं झालं होतं. ती उठून थेट तीन नंबरच्या खोलीत गेली. सगळ्या मुलाखती त्याच खोलीत होतात. मी मागोमाग.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ताई, त्या खोलीत तुम्ही कधी वर बघितलंत का?"

आम्ही दोघींनी वर बघितलं. पांढऱ्या चौकोनी पट्ट्यांचं छत, आणि येणाऱ्याच्या खुर्चीच्या बरोबर वर एक पट्टी पाणी मुरून फुगलेली, पुरीसारखी टम्म. एक कोपरा चौकटीतून सुटलेला.

मला हसू फुटलं. छत पडल्याचा धक्का बसलेली शंभरावर माणसं, आणि त्यांचा अभ्यास या पट्टीखाली! आत्या हसली नाही. तिने मुलाखतीचा कोरा कागद पुढे केला. बाजूला एक रकाना होता: 'बोलताना वारंवार वर पाहतात'. जो पाहील त्याच्या आकड्यापुढे खूण, आणि ती खूण भीती जास्त असल्याची.

"दोन वर्षं मी इमानदारीत खुणा करतेय," ती म्हणाली. "त्यांची मान वर गेली की माझी मान खाली, कागदात. अठरा वर्षं खिडकीमागे बसून मला एवढं कळू नये? लोक ओरडायचे तेव्हा खरंच वीज गेलेली असायची ना!"

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना तीन नंबरच्या खोलीत नेलं, पट्टी दाखवली आणि एक्केचाळीसांची मुलाखत बाहेर अंगणात घेऊ का म्हणून विचारलं. खोलीचं दार उघडं होतं, माझे कान तर कायमच उघडे.

"पट्टी आजच बदलून घेते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या वाक्य असं बोलतात की जणू शेवटी शिक्का मारतायत. "पण शुक्रवारची मुलाखत इथेच. एकाला अंगणात विचारायचं आणि बाकीच्यांना खोलीत, मग तुलना कशाची करायची?"

"बरोबर आहे, मॅडम. जरा बसता का? नाही, तिथे नाही. इकडे, येणाऱ्यांच्या खुर्चीत."

डॉक्टरबाई बसल्या. आत्याने त्यांना अभ्यासाबद्दलच काहीबाही विचारायला सुरुवात केली. यादीत किती जण, गळाले किती, का गळाले असतील. पेन्सिल हातात, कागद मांडीवर. दहा मिनिटांनी कागद पुढे सरकवला.

"हे काय?"

"तुम्ही अकरा वेळा वर बघितलंत. आपल्या हिशेबाने तुमची भीती फार जास्त आहे."

आता ओरडा बसणार म्हणून मी पिशवी आवरली. डॉक्टरबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग पुन्हा वर. बारा.

"जे गळाले," त्या सावकाश म्हणाल्या, "त्यातले किती या पट्टीमुळे गळाले असतील?"

"ते मला माहीत नाही. एकाचं माहीत आहे."

पंधरा मिनिटांत ठरलं. या खोलीतल्या सगळ्या खुणा वेगळ्या काढायच्या, अहवालात चूक स्पष्ट लिहायची, गळालेल्यांना पुन्हा फोन करायचे, आणि यापुढे कुठे बसायचं ते येणाऱ्याने ठरवायचं. डॉक्टरबाईंनी ती चूक स्वतःच्या नावावर लिहिली. आत्या म्हणाली, खुणा माझ्या हाताच्या आहेत, माझंही नाव घाला. त्यावर दोघींची थोडी वादावादी झाली. चूक आपल्याकडे ओढून घ्यायला भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

शुक्रवारी पावणेचारला आत्या अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसली. वर नुसतं आभाळ. मला तिने लांब, सायकली लावतात तिथे पिटाळलं.

"आत्या, ते येतील गं," मी जाता जाता म्हटलं, "पण टिकायचे नाहीत. सहा पानं आहेत तुझी. तिसऱ्या पानावर उठून जातील. लाव पैज!"

"कशाची?"

"मी जिंकले तर तू तळमजल्यावरच्या काकूंसमोर खरंच डबा वाजवायचा."

"आणि हरलीस तर तीन रविवार माझी स्कूटर धुवायची. चाकांच्या आतूनसुद्धा. पळ आता."

चार वाजले. चार-दहा. आत्या घड्याळाकडे बघत नव्हती, मीच बघत होते. चार-वीसला फाटकातून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले. आधी इमारतीकडे बघितलं, मग बाकाकडे. आत्या उठली नाही की हात केला नाही. फक्त थोडी सरकली. ते येऊन बाकाच्या टोकाला टेकले.

माझे कान तिथवर पोचत नव्हते. दिसत होती फक्त पानं. पहिलं उलटलं. दुसरं पटकन उलटलं. तिसऱ्यावर ते उठले.

मी मनातल्या मनात डबा निवडायला घेतला. ते फाटकापर्यंत गेले आणि फाटकाच्या दांड्याला धरून उभे राहिले. आत्या बसल्या जागी बसलेली. मागे नाही गेली, हाक नाही मारली, मानसुद्धा वळवली नाही. एवढ्या लांबून मला ते दोन शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि ती ते बोललीही नसावी. किती वेळ गेला ते मोजायचं राहून गेलं, कारण मध्येच मला कळलं की मला हरायचंय.

ते परत आले. या वेळी टोकाला नाही, मध्ये बसले. चौथं पान. पाचवं. सहाव्यावर त्यांनी स्वतःच आत्याच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. मग दोघं किती तरी वेळ काहीतरी फालतू बोलत बसले असावेत, कारण आत्या हसताना दिसली.

यादीत त्यांचं नाव राहिलं.

स्कूटरचा आज दुसरा रविवार. मघाशी आत्या गॅलरीतून वाकून म्हणाली, "मागच्या चाकाची आतली बाजू राहिली गं, कार्टे. घाई नाही."